‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर येऊ नये म्हणून सभागृहातला प्रश्न कसा लिहावा?

माणिकबागेची वाचक

नमस्कार. सिंहगड रस्त्याच्या परिसरात आम्ही आठ-दहा जणी घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर काम करतो. संस्था म्हणावी एवढे काही ते मोठे नाही. दर शनिवारी एका देवळाच्या ओवरीत बसतो आणि ज्यांना पोलीस ठाण्यात, न्यायालयात किंवा सरकारी कचेरीत जायला सोबत हवी असते, त्यांच्याबरोबर जातो. गेल्या वर्षी यांतल्या एकीचा कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज घेऊन आम्ही संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे त्या कायद्याखाली पीडितेच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, गेलो. चौथ्या फेरीत त्यांची गाठ पडली, कारण त्यांच्याकडे आणखी दोन पदांचा अतिरिक्त कार्यभार होता. माणूस वाईट नव्हता. टेबलावरच्या फायलींच्या ढिगाआडून त्यांनी आमचे सगळे नीट ऐकून घेतले. पण अर्ज न्यायालयापर्यंत पोहोचायला पावसाळा उलटला.

यावर कोणीतरी सभागृहात मंत्र्यांना विचारावे असे आम्हाला वाटले. म्हणून एक मसुदा लिहून खासदारांच्या कार्यालयात नेला : ‘पुण्यात स्त्रियांवरील अत्याचार दिवसेंदिवस वाढत असताना सरकार झोपले आहे काय, आणि पोलिसांच्या असंवेदनशीलतेबद्दल गृहमंत्री काय करणार आहेत?’ तिथल्या साहाय्यकांनी तो वाचून सौजन्याने परत दिला आणि म्हणाले, याचे उत्तर आम्हाला आधीच पाठ आहे. घरी येऊन संसदेच्या संकेतस्थळावरची जुनी प्रश्नोत्तरे चाळली, तर खरोखरच बऱ्याच उत्तरांची सुरुवात एकाच वाक्याने होते : ‘पोलीस’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचे विषय आहेत.

तर मग असा प्रश्न विचारायचा कोणाला, आणि तो लिहायचा कसा? या व्यवहाराची आतून माहिती असलेल्यांनी कृपया सांगावे.

निवृत्त कार्यासन

ताई, मी मंत्रालयात बरीच वर्षे अधिवेशनकाळात उत्तरांचे मसुदे लिहीत होतो, त्यामुळे ही बाजू मला ठाऊक आहे. तुमच्या मसुद्याचे उत्तर समोरचा चहा निवायच्या आत लिहून देतो : ‘(१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही.’ तसे पाहिले तर इथवरही तो पोहोचला नसता. ‘झोपले आहे काय’ हा उपरोध आहे आणि ‘असंवेदनशीलता’ हा आरोप आहे. उपरोध, आरोप, तर्क आणि विशेषणे असलेला प्रश्न नियमांनुसार स्वीकारलाच जात नाही. लोकसभेत प्रश्नाला दीडशे शब्दांची मर्यादाही आहे.

आता प्रश्नाचा प्रवास पाहा. विधानमंडळाकडून तो विभागात येतो, विभागातून संबंधित कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या शाखेकडे, जातो. कार्यासन आयुक्तालयाला किंवा जिल्ह्याला कळवते, ‘माहिती तातडीने पाठवावी’. तिथला कर्मचारी हातातले काम बाजूला ठेवून तक्ता भरतो. तक्त्यात जे विचारले आहे तेवढेच भरले जाते, आणि रकाना संदिग्ध असला की त्यात ‘निरंक’, म्हणजे काही नाही, असे लिहून मोकळे होतात. त्या तक्त्यावरून मसुदा तयार होतो, तो अवर सचिव, उपसचिव अशा पायऱ्या चढत मंत्र्यांपर्यंत जातो, आणि सोबत एक ‘पूरक टिपणी’ जाते. उपप्रश्न आलाच तर मंत्र्यांनी काय बोलायचे ते तिच्यात असते. सांगायला हरकत नाही, छापील उत्तरापेक्षा ही टिपणी पुष्कळदा अधिक प्रामाणिक असते, पण ती तुमच्या हाती कधी लागत नाही.

म्हणून प्रश्न लिहिताना डोळ्यांपुढे मंत्री आणू नका, तो तक्ता भरणारा कर्मचारी आणा. ‘अत्याचार वाढले आहेत काय’ यासाठी त्याच्याकडे रकाना नाही. ‘पुणे जिल्ह्यात संरक्षण अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, अतिरिक्त कार्यभारावर चालणारी किती’ यासाठी आहे, आणि तिथे निरंक लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट सभागृहाची. तुमची अडचण संरक्षण अधिकाऱ्याची आहे, आणि २००५ च्या कायद्यानुसार त्याची नेमणूक राज्य शासन करते. तेव्हा हा प्रश्न दिल्लीत न विचारता विधानसभेत किंवा विधान परिषदेत विचारायचा, आणि तोही गृहमंत्र्यांना न विचारता महिला व बालविकास मंत्र्यांना विचारायचा. आमदारांकडे जा. मात्र अधिवेशन सुरू होण्याच्या बरेच आधी सूचना द्यावी लागते; सभागृह बसल्यावर धावपळ करून तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा, प्रश्न लागत नाही. तोवर विषय पेटलाच, तर लक्षवेधी सूचनेचा, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधण्याचा, मार्ग आहे.

शिवाजीनगरचा वकील

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. आमच्या बाजूची थोडी भर घालतो. आकडे मागताना छेद कोणता ते मागितल्याशिवाय राहू नका. दोषसिद्धीचे प्रमाण अमुक टक्के असे उत्तर येते, तेव्हा ते नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी नसून निकाली निघालेल्या खटल्यांपैकी असते. शंभर गुन्हे नोंदले गेले, दहा खटले निकाली निघाले आणि तिघांना शिक्षा झाली, तर ते प्रमाण तीस टक्के दिसते. उरलेले नव्वद त्या उत्तरात कुठेच नसतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांचेही असेच आहे. २०२२ साली देशात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदवले गेले. पण एकाच फिर्यादीत अनेक कलमे असली, तर त्या मोजणीत फक्त सर्वांत गंभीर गुन्हा धरला जातो. हुंड्यासाठी छळ होऊन शेवटी खून झाला, तर तो खुनात मोजला जातो आणि छळाच्या रकान्यातून नाहीसा होतो. शिवाय आकडा वाढला याचा अर्थ गुन्हे वाढले असाच होतो असेही नाही. ठाण्यात फिर्याद घेऊ लागले तरी तो वाढतो. ‘वाढले आहेत काय’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो, त्याचे हे आणखी एक कारण.

त्याऐवजी कायद्याने जिथे मुदत घालून दिली आहे, तिथे बोट ठेवा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यात, म्हणजे पोक्सोत, शक्यतो एका वर्षात खटला संपवावा असे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवायची आहे. ही शेवटची तरतूद माझ्या अशिलांपैकी फारच थोड्यांना माहीत असते. ‘साहेब, आम्हाला कुणी काही कळवले नाही’ हे वाक्य मात्र मी रोज न्यायालयाच्या जिन्यात ऐकतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन आयुक्तालयांत किती प्रकरणांत असे कळवले गेले, हा गृहमंत्र्यांना विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि मला वाटते तो अजून नीटपणे कोणी मांडायला हवा.

न्यायसहायक प्रयोगशाळेकडे प्रलंबित असलेल्या नमुन्यांची संख्याही विचारा. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची सक्ती नव्या संहितेने केली असून, ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. मनुष्यबळ त्या मानाने वाढले का, हे विचारायला नको का?

एक सावधगिरी. चालू खटल्याविषयी विचारू नका, न्यायप्रविष्ट म्हणून प्रश्न बाद होईल. आणि कोणत्याही कागदावर पीडितेचे नाव, वस्ती किंवा ओळख पटेल असा तपशील येऊ देऊ नका.

शंकेखोर

सर्वांचा आदर ठेवून म्हणतो, हा सगळा कागदी व्यायाम आहे. देसाईगंजच्या पोलीस चौकीतील बलात्काराच्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिले. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले (त्यांतल्या वसुधा धागमवार आपल्या पुण्याच्या), बायका रस्त्यावर आल्या आणि मग १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१२ च्या डिसेंबरातल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतरही तेच झाले. न्या. वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला तो लोक इंडिया गेटवर जमले म्हणून; प्रश्नोत्तराच्या तासामुळे नव्हे. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये स्त्रियांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणारे शक्ती विधेयक मंजूर केले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. वैवाहिक बलात्काराबद्दल विचारावे, तर न्यायप्रविष्ट. मग उरते काय?

दिल्लीत नोकरी केलेला

शंकेखोर यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहेत. कायदा बदलायला रस्ता लागतो हे मान्य आहे. झालेला कायदा चालतो की नाही, हे मात्र रस्त्यावरून दिसत नाही. १९८३ नंतर पुढे काय झाले, हे कोणीतरी दर अधिवेशनात विचारायलाच हवे होते.

मी एका खासदारांकडे काही वर्षे संसदीय कामकाज पाहत होतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, आणि कोणाचा लागणार हे सोडतीने ठरते. तारांकितांपैकी तोंडी उत्तरापर्यंत बहुतेकदा चार-सहाच पोहोचतात. म्हणून नवखे लोक तारांकिताच्या मागे लागतात आणि जाणते अतारांकितावर समाधान मानतात, कारण आकड्यांचे तक्ते तिथेच मिळतात. उपप्रश्न विचारून मंत्र्यांना अडचणीत आणायचे असेल, तरच तारांकिताचा हट्ट धरावा.

दिल्लीत विचारण्याजोगेही पुष्कळ आहे, फक्त ते केंद्राच्या पैशाविषयी किंवा केंद्राच्या कायद्याविषयी असले पाहिजे. जलदगती विशेष न्यायालयांची योजना २०१९ पासून निर्भया निधीतून चालते. ती विधी व न्याय मंत्रालयाकडे आहे. गृह मंत्रालयाला विचारलेत, तर प्रश्न नुसता या टेबलावरून त्या टेबलावर जाईल. पीडितांना एकाच ठिकाणी मदत देणारी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर महिला व बालविकास मंत्रालयाकडे आहेत. महाराष्ट्राला या योजनांखाली किती निधी मंजूर झाला, किती आला, किती वापरला गेला आणि उपयोगिता प्रमाणपत्रे किती बाकी आहेत, असे विचारले की ‘राज्याचा विषय’ हे वाक्य लिहिता येत नाही.

आणखी एक, जे बाहेर फारसे माहीत नसते. ‘माहिती एकत्र करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ हे उत्तर वाचून लोक हिरमुसतात. वास्तविक ते आश्वासन धरले जाते; त्याची नोंद शासकीय आश्वासन समितीकडे होते आणि तीन महिन्यांत ते पुरे करणे अपेक्षित असते. मुदत वाढवून घेतात, हेही खरे. पण आमच्या खासदारांनी अशा आश्वासनांची एक वही ठेवली होती, आणि त्या वहीचा धाक छापील प्रश्नाहून जास्त होता. मंत्र्यांनी चुकीचे उत्तर दिले असे पुराव्यानिशी दिसले, तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली ती चूक दाखवून देता येते.

वैवाहिक बलात्काराविषयी : केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात तो गुन्हा ठरवण्यास आपला विरोध लेखी मांडलेला आहे. त्यामुळे तिथे सरकारची भूमिका काय, हे विचारण्याची गरजच उरलेली नाही. ती वाचून तिच्यावर टीका करणे बाहेरच्यांना मोकळे आहे.

अभ्यासिकेतून

थोडे अवांतर, पण पुण्याच्या धाग्यावर राहवत नाही. कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा हक्कच मुळी १८९२ च्या कायद्याने आला, आणि उपप्रश्नाचा १९०९ मध्ये. म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेमंडळात गेले, तेव्हा सुरुवातीची काही वर्षे सरकारपक्षाने काहीही उत्तर दिले तरी पुढचा प्रश्न विचारता येत नव्हता. एकाच प्रश्नात सगळे बसवावे लागे. ताईंच्या मसुद्याला तीच शिस्त हवी आहे.

माणिकबागेची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. काल ओवरीत बसून आम्ही नव्याने लिहिले. ‘झोपले’ हा शब्द काढायला आमच्यातली एक जण शेवटपर्यंत तयार नव्हती, तिची समजूत घातली. आता मसुदा असा आहे :

‘सन्माननीय महिला व बालविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :–
(१) पुणे जिल्ह्यात कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्यांची मंजूर, भरलेली व अतिरिक्त कार्यभारावर असलेली पदे तालुकानिहाय किती आहेत,
(२) मागील तीन वर्षांत त्यांच्याकडे आलेल्या अर्जांची संख्या किती, आणि त्यांपैकी किती अर्जांत घटनेचा अहवाल न्यायालयास सादर झाला,
(३) अर्ज मिळाल्यापासून अहवाल सादर होईपर्यंत सरासरी किती दिवस लागले,
(४) रिक्त पदे भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे?’

तपासाच्या नव्वद दिवसांचा प्रश्न गृहमंत्र्यांसाठी वेगळा लिहिला आहे. सोमवारी दोन्ही प्रश्न आमदारांच्या कार्यालयात देणार आहोत.

निवृत्त कार्यासन

चांगला झाला आहे. दोन दुरुस्त्या करा. ‘मागील तीन वर्षांत’ याऐवजी वर्षे नावानिशी लिहा, नाहीतर कोणी आर्थिक वर्ष धरेल, कोणी कॅलेंडर, आणि बेरीज जुळणार नाही. आणि (४) मध्ये ‘कोणती कार्यवाही केली आहे’ याला ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर तयार असते. तिथे ‘व ती पदे कोणत्या दिनांकापर्यंत भरण्यात येतील’ एवढे जोडा.