‘मोकाट’ की ‘मोकळा’? ‘निसर्गावस्था’ला दुसरा शब्द हवा आहे

पूर्णाकाठ : गावच्या वाचनालयातल्या चर्चेसाठी हॉब्ज आणि रूसो या युरोपीय राजकीय विचारवंतांवर मराठीत टिपण चालू आहे. राजा, कायदा, पंच काहीच नसताना माणूस ज्या स्थितीत असेल तिला मथळ्यात काय म्हणावे? पुस्तकी शब्द ‘निसर्गावस्था’. वाचणाऱ्याला तो जंगलात राहण्याबद्दलचा वाटतो. ‘मोकाट अवस्था’ चालेल?

झाडीपट्टी : नको. ‘मोकाट’ म्हटले की माणूस वाईटच, असा निकालच लागला. हॉब्जलाही तो पुरता बसत नाही. १६५१च्या ‘लेव्हायथन’ ग्रंथात तो माणसाला जन्मतः दुष्ट म्हणत नाही. वासना हे मुळात पाप नव्हे, असेच म्हणतो. भांडणाची कारणे तीन देतो : लाभाची चढाओढ, दुसऱ्याची धास्ती, मानाची हाव. धास्तीमुळे भला माणूसही आधी वार करतो. रूसोच्या १७५५च्या निबंधातला माणूस तर एकटा, दुसऱ्याचे हाल पाहून कळवळणारा. तो मोकळा.

धुरा : भाऊ, मोकाट हे ढोराच्या सोभावावर नाई ठरत. वावरात पऱ्हाटी (कपाशी) उभी असली का सुटलेलं ढोर मोकाट. उलंगवाडी झाली, म्हंजे पीक निघालं, का तेच ढोर त्याच वावरात चरते, मंग कोनी मोकाट म्हनत नाई.

पूर्णाकाठ : हे मोलाचे आहे, धुराभाऊ. ढोर तेच, वावर तेच, फरक उभ्या पिकाचा. जमिनीला कुंपण घालून ‘हे माझे’ म्हणणाऱ्यापासून रूसो कज्ज्यांची सुरुवात धरतो, ते याच्या अगदी जवळचे.

शब्दवेध : गुराढोरांचे शब्द विचारग्रंथात कशाला? ‘मात्स्यन्याय’ आहे की : मोठा मासा लहान माशाला गिळतो, तो न्याय. कौटिल्य सांगतो, दंड, म्हणजे राजाची शिक्षेची सत्ता, वापरला नाही तर बलवान दुबळ्याला गिळतो.

झाडीपट्टी : ती एकच बाजू झाली. महाभारताच्या शांतिपर्वात मात्स्यन्याय आहे, तसेच ‘न वै राज्यं न राजासीत्’ही आहे : राजा नव्हता, दंड नव्हता, प्रजा धर्मानेच परस्परांना राखत होती. मोह आणि लोभ नंतर शिरले. दोन्ही मते एकाच पर्वात असताना मथळ्यात एकच घेणे अन्यायाचे.

धुरा : मंग ‘ओढाळ’ पाहा, घडीघडी पिकात घुसनारं ढोर. साऱ्या कळपाले लोढनं, म्हंजे गळ्यातलं लाकूड, नाई बांधत, ओढाळ असंन त्यालेच.

शब्दवेध : ‘आळ’ प्रत्यय विपुलता दाखवतो : दुधाळ, रसाळ. ओढाळ म्हणजे ओढ जास्त असलेले. ओढ सर्वांनाच असते, हे त्यात गृहीत आहे.

झाडीपट्टी : मग लोढणे जन्मभर ठेवायचे की खोड मोडेपर्यंत? नियमन नक्की काय करते, ते यावरून कळेल.

धुरा : पीक निघेपर्यंत. बाभळीचं लाकूड गुडघ्याच्या जरा खाली लोंबलं पाह्यजे. हळू चाललं तर बाजूले सरकते, पयालं का पायाच्या नळीवर बसते. आखूड झालं तर ढोर पयते, लांब झालं तर झुडपात अटकते. अंबाडीचा दोर पावसात आखडते, म्हनून दोन बोटं जातीन इतका सैल ठेवा. नाईतर मान कापते अन् जखमेत किडे पडते.

शब्दवेध : लिहिताना ‘लोढणे’ लिहावे, ‘लोढनं’ नव्हे.

धुरा : आखरावर, जिथं ढोरं जमतात, कोनी ‘लोढणे’ म्हनत नाई. जसं बोलतात तसंच लिवा.

पूर्णाकाठ : आणि मथळा?

झाडीपट्टी : ‘लोढणे’ आणि ‘लोढा’ एकाच धातूचे का, ते आधी पाहू.