कास्टिंगवर बोललं की लोक अंगावर का येतात? (छावा परत बघून पडलेला प्रश्न)

शाहूपुरीकर:
छावा २०२५ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात थेटरात बघितलेला, शेवटाला सगळं थेटर रडालतं, मी पण, त्यामुळं तेव्हा बाकी काही डोक्यात आलं नाही. परवा घरात आईबरोबर नेटफ्लिक्सवर परत लावला आणि शांतपणे बघताना रश्मिका मंदाना बोलायला लागली की माझं लक्षच उडायचं. येसूबाई म्हणजे शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक, तिच्या बोलण्यात जो करारीपणा पाहिजे तो त्या हिंदीत येतच नाही. डोळ्यांनी पोरगीनं काम चांगलं केलंय, ते मी नाकारत नाही. हे एवढंच घरच्या ग्रुपवर लिहिलं तर काका म्हणाले महाराजांच्या पिक्चरला नावं ठेवतोस व्हय, आणि दोन दिवस बोलले नाहीत. अहो नटीच्या उच्चारावर बोललो की, महाराजांवर कुठं बोललो? तुमाला काय वाटतं, खरं सांगा.

गंगावेसवाला:
भावा तुझं पटलं नाही मला. पिक्चरच हिंदीत हाय, विकी कौशल पण पंजाबी घरातला, मग एकट्या रश्मिकालाच का धरालास? विकीचं बोलणं पण काय आपल्याकडचं नाही, पण त्यानं अंगात जी आग आणली ती बघून आपण ते विसरलो. आणि अक्षय खन्ना! औरंगजेब म्हणून पहिले दोन सीन मी ओळखलाच नाही त्याला, ओरडत नाही काही नाही, हळू बोलतोय आणि भीती वाटालती. त्याचं कास्टिंग कुणी केलं त्याला हार घातला पाहिजे.
आणि लोक अंगावर येतात हे पण अर्धंच खरं. ट्रेलरमधल्या लेझीमवर ओरड झाली तेव्हा दिग्दर्शक उतेकरांनी तो नाच काढलाच की. बोललं की फरक पडतोय.

उचगावची:
मला शाहूपुरीकरांचं पटलं. बोली हा लई मोठा विषय हाय आणि रिव्ह्यूवाले त्यावर एक ओळ लिहीत नाहीत, स्टार देऊन मोकळे. कोल्हापूरच्या मालिका बघा, दर वाक्याला नाद खुळा आणि लय भारी घातलं की झालं कोल्हापूर. आमी पोरी घरात मी आलो, मी जेवलो, मी कालच गेलोतो असं बोलतो, हे एका तरी हिरॉइनच्या तोंडात ऐकलंय का? मालिकेतली पोरगी आली, गेली असलं पुस्तकी बोलती आणि मधीच एक शिवी घालती, मग आई म्हणती ही कुठली ग.
सैराट का चालला? रिंकू अकलूजची, ती जे बोलत हुती ते तिचंच हुतं. त्याचाच हिंदी केला तर गोष्ट पार उदयपूरला नेली, मग आर्चीचा ठसका राहणार कुठं.

राजारामपुरी, जुना प्रेक्षक:
मुलांनो, बाहेरचा कलाकार नको असं मात्र म्हणू नका. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' इथं कोल्हापुरात झाला, प्रभात फिल्म कंपनी तेव्हा पुण्याला गेली नव्हती. दुर्गाबाई खोटे मुंबईच्या, आणि चित्रपट मराठी आणि हिंदी दोन्हीत असल्यामुळे तारामतीचे संवाद त्यांनी दोन्ही भाषांत म्हटले. गाव कुठलं याला माझ्या मते महत्त्व नाही, जिभेवर मेहनत किती घेतली याला आहे. भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'त महाराज झाले ते आपले चंद्रकांत मांडरे. त्यांची चित्रं आमच्या राजारामपुरीत संग्रहालयात आहेत, जाऊन बघा एकदा, म्हणजे तो माणूस चेहऱ्याकडं कसा बघत होता ते कळेल.
काकांवर रागावू नका. त्यांच्या पिढीला पडद्यावरचे महाराज म्हणजे महाराजच.

शाहूपुरीकर:
काका, रागावलो नाही ओ, वाईट वाटलं. लेझीमचं गंगावेसवाल्याचं बरोबर हाय, पण ते महाराजांना नाचताना दाखवलं म्हणून बोलले लोक. काम नीट झालं का, आवाज शोभला का, यावर कोण बोलत नाही आणि बोललं तर ऐकून घेत नाही. त्यानं नुकसान आपलंच हाय की, पुढचा पिक्चर पण असाच मोठं नाव बघून काढणार.

गंगावेसवाला:
हे मान्य. अजून एक, येसूबाईंना सीनच कमी दिलेत, त्यात ती पोरगी तरी काय करणार. १६८९ ला रायगड पडला, त्या आणि लहान शाहू मुघलांच्या कैदेत, आणि येसूबाई सुटल्या १७१९ ला. तीस वर्षं! संभाजी महाराजांवर पिक्चर संपला तिथनं खरी तर यांची गोष्ट सुरू होती. त्यावर कुणीतरी मराठीत काढा आणि त्यात कोण पाहिजे ते सांगा.

उचगावची:
तरुणपणी रिंकू, डोळे झाकून. कैदेतल्या शेवटच्या वर्षांसाठी मोठी बाई लागंल, मुक्ता बर्वे. ती गप्प बसली तरी सगळं कळतंय.