बेलपानांच्या अर्काने अमायलेज रोखले. यावरून ‘मधुमेहावर उपयुक्त’ असे लिहिता येईल का?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, महाल, नागपूर)

नमस्कार. मी जैवरसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी आमच्या घरामागच्या बेलाची पाने सावलीत वाळवून मी मिथेनॉलमध्ये अर्क काढला आणि स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज या विकराला (एन्झाइमला) तो कितपत रोखतो, हे डीएनएसए पद्धतीने (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाचे पिवळे द्रावण शर्करेमुळे नारिंगी होते, त्या रंगावरून) तपासले. विकराची क्रिया साठ टक्क्यांच्या आसपास रोखलेली दिसते. आईला मधुमेह असून ती मेटफॉर्मिन घेते. निकाल ऐकल्यापासून रोज सकाळी बेलपानांचा रस घ्यावा, असे तिच्या मनाने घेतले आहे. प्रबंधात काय लिहावे आणि तिला काय सांगावे?

उत्तर 1 (निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ)

विकर न घालता केवळ अर्क, स्टार्च आणि डीएनएसए घेतलेली नळी तुम्ही ठेवली होती का? डीएनएसएचे द्रावण क्षपणकारी शर्करा (ग्लुकोज, माल्टोज यांसारखी साखर) मोजते. ती शर्करा विकराने तयार केली की पानातूनच आली, हा भेद त्याला करता येत नाही. शिवाय अर्काचा स्वतःचा हिरवट-तपकिरी रंग 540 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात घेतलेल्या रंगाच्या रीडिंगमध्ये मिसळतो. उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवल्यावर ही विकराविना नळी पिवळीच राहायला हवी. ती नारिंगीकडे झुकली, तर तेवढे रीडिंग अर्काच्या नळीतून वजा केल्याशिवाय आकडा लिहू नये. अर्क ज्या द्रावकात विरघळवला, त्या नुसत्या द्रावकाची नळीही हवीच. पानांची ओळख वनस्पतिशास्त्र विभागाकडून लेखी घ्या आणि वाळवलेली एक फांदी जपून ठेवा.

उत्तर 2 (औषधनिर्माणशास्त्रातील संशोधक)

सरांच्या मुद्द्याला जोडून सांगते. वजाबाकी केल्यावर तुमचा अडवणुकीचा आकडा कदाचित वाढेल, कारण पानातील शर्करेने तो खाली दाबलेला असू शकतो; पण तेवढ्यावर समाधान मानू नका. पानांत टॅनिन असते, ते समोर येईल त्या प्रथिनाला चिकटते आणि अमायलेज हेही प्रथिनच आहे. अशी अडवणूक विशिष्ट नसते. आतड्यात अन्नातील प्रथिने भरपूर असताना ती टिकेलच असे नाही. अर्काचा एक भाग पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारे, न विरघळणारे बहुवारिक) पूड घालून हलवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचे स्वच्छ द्रावण पुन्हा तपासा. टॅनिन त्या पुडीबरोबर खाली बसते. मग जे उरेल, त्यावरच पुढचे काम करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर 3 (मधुमेहतज्ज्ञ, रामदासपेठ)

आईंबद्दल लिहितो, कारण मला तोच प्रश्न अधिक निकडीचा वाटतो. अमायलेज रोखणे म्हणजे आतड्यात स्टार्चचे पचन मंदावणे. इन्सुलिनचा परिणाम कमी पडण्याशी त्याचा थेट संबंध नाही. आई घेतात त्या मेटफॉर्मिनची पाळेमुळेही गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीत आहेत, परंतु तिच्यातील मूळ द्रव्ये विषारी ठरली; मेटफॉर्मिन 1922 मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि ज्याँ स्टर्न यांनी मधुमेही रुग्णांवरील त्याचा उपयोग 1957 मध्ये प्रसिद्ध केला. पान आणि गोळी यांच्यामधले अंतर इतके मोठे असते. बेलपानांत एजेलीन नावाचे द्रव्य असते. 2013 मध्ये अमेरिकेत कृत्रिमरीत्या बनवलेले एजेलीन घातलेले एक आहारपूरक घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाची प्रकरणे आढळली आणि ते बाजारातून परत घ्यावे लागले. महादेवाला बेल वाहणाऱ्या घरात याने घबराट होऊ नये; अधूनमधून पान चघळणे वेगळे आणि रोज पेलाभर रस पिणे वेगळे. रस सुरू करायचाच असेल, तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला आणि गोळी स्वतःहून कमी करू देऊ नका.

प्रश्नकर्ती

सर, मॅडम, डॉक्टरसाहेब, आपले मनःपूर्वक आभार. विकराविना नळी मी ठेवलीच नव्हती. काल ठेवली, तर तिचा रंग पिवळ्यावरून स्पष्ट नारिंगी झाला. वजाबाकीनंतर आकडा थोडा वाढला, पण पीव्हीपीपीनंतर तो पहिल्याच्या निम्म्याहूनही खाली आला. आता तीन वेगवेगळ्या दिवशी हाच प्रयोग करणार आहे आणि प्रबंधात ‘टॅनिन काढल्यावर परीक्षानळीत अमायलेजला अंशतः अडवणूक’ एवढेच लिहीन. आई या शनिवारी माझ्याबरोबर तिच्या डॉक्टरांकडे येते आहे.