प्रोटॉनच्या पोटात आइन्स्टाइन हवा की नको?

खडूस_मास्तर:
काल इथे एकाने ठोकून दिलं की क्वार्क मॉडेलला, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन तीन-तीन क्वार्कांचे बनलेत या चित्राला, सापेक्षतावाद लागतच नाही. का, तर न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या मॅग्नेटिक मोमेंटचं (चुंबकपणाच्या मापाचं) गुणोत्तर उणे २/३ येतं आणि प्रयोगात ते उणे ०.६८५ आहे. अहो, ते स्पिन-फ्लेवर सममितीचं, म्हणजे क्वार्कांचे स्पिन (अंगभूत फिरकी) आणि प्रकार कसे जुळतात त्याचं देणं. एमआयटी बॅग मॉडेलमधले, म्हणजे पिशवीत कोंडलेले धरलेले, क्वार्क बिनवस्तुमानाचे, पूर्ण सापेक्षतावादी, तिथेही उणे २/३ च येतं! आता त्याच बिनसापेक्षतेच्या मॉडेलने अ‍ॅक्शियल कपलिंग (न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना स्पिनशी जोडलेल्या बलाचं माप) काढा. ५/३. त्या बदलातून, म्हणजे बीटा ऱ्हासातून, मोजलेलं १.२७ च्या आसपास. हे कुठल्या खिशात घातलंत?

चहाटळ:
मीच तो 'एक'. तुमच्या बॅगेचं उत्तर १.०९. म्हणजे तीही नापासच. आणि साधारण ३३६ एमईव्ही (कणांच्या वस्तुमान-ऊर्जेचं एकक) वस्तुमानाचा क्वार्क घेऊन इस्गुर आणि कार्ल या भौतिकशास्त्रज्ञांनी बॅरिऑनचा (तीन क्वार्कांच्या कणांचा) वर्णपट लावून दाखवला, तो काय अंगाऱ्याने?

खडूस_मास्तर:
३३६ आलं कुठून? प्रोटॉनच्या ९३८ एमईव्हीला त्याच्या मोजलेल्या मॅग्नेटिक मोमेंटच्या २.७९ ने भागून! उत्तर बघून गणित केलंत. आणि प्रोटॉनच्या ०.८४ फेम्टोमीटर त्रिज्येत कोंडलेल्या क्वार्कचा संवेग अनिश्चितता तत्त्वानेच २३५ एमईव्हीच्या घरात, म्हणजे वस्तुमानाच्या जवळपास, जातो. हा म्हणे सावकाश चालणारा.

शुद्धलेखन_काका:
'सापेक्षतावाद' नव्हे, 'सापेक्षता सिद्धांत'. वाद म्हणजे मत.

चहाटळ:
काका, मग अणुवादाचं काय करायचं?

शुद्धलेखन_काका:
तेही चूकच. पोरांना वाटतं, आवडला तर मानायचा.

चिऊताई_पीएचडी:
काका, याच शब्दापायी माझी तोंडी परीक्षा बुडाली. मी 'वाद' म्हटलं, बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "वाद घालायला आलात का?" टेबलावर चहाच्या कपाचं ओलं वर्तुळ होतं. त्यात पेन्सिलीने तीन टिंबं काढून म्हणाले, "यातलं कुठलं धावतंय?" मी म्हटलं, तिन्ही. त्यांनी कप परत वर्तुळावर ठेवला. झाली परीक्षा.

खडूस_मास्तर:
उत्तर बरोबर होतं, ताई! धावत्या क्वार्कच्या डिरॅक स्पिनरचे (त्याचं सापेक्षतावादी वर्णन करणाऱ्या गणिती रूपाचे) खालचे घटक आले की प्रोटॉनच्या स्पिनमधला क्वार्क-स्पिनचा काही वाटा कक्षीय गतीत जातो, बॅगेत ६५ टक्केच उरतो.

चहाटळ:
आणि प्रयोगात तीसेक टक्के. उरलेले तुमच्या आइन्स्टाइनने खाल्ले?

खडूस_मास्तर:
क्वार्कांना बांधणारे ग्लुऑन आहेत, भोवती मेसॉनचा (क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांचा) ढग आहे. सगळं सापेक्षतेने सुटतं असं मी कुठे म्हटलं? तुम्ही 'लागतच नाही' म्हणालात.

चहाटळ:
बरं बाबा, 'लागतच' मधला 'च' मागे घेतो. खूश?

शुद्धलेखन_काका:
'खूष' की 'खूश' ते आधी ठरवा.