परदेशी मेट्रोगाड्या घ्याव्यात का?

ओझरकर: कोलकात्याच्या भुयारी मेट्रोत आता चीनमधल्या दालियनच्या गाड्या धावतात. नागपूरच्या मेट्रोतही दालियनच्याच. १९८४ साली कोलकात्यात देशातली पहिली मेट्रो सुरू झाली ती आपल्या चेन्नईतल्या पेरांबूरच्या रेल्वे कारखान्याच्या डब्यांवर! चाळीस वर्षांनी बाहेर हात पसरायचे, हे मला पटत नाही. नाशिकला मेट्रो आली तर तिची गाडी देशातच बनावी.

पंचवटीकर: दादा, तुमच्या ओझरचंच घ्या. सुखोई लढाऊ विमानं आधी रशियातून तयार आली, नंतर तिथल्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात बांधली गेली. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या गाड्या कोरियाच्या, पुढच्या बंगळुरूला बीईएमएल या सरकारी कंपनीत बनल्या. आणि कोलकात्याच्या जुन्या बिगर-एसी गाड्या २०२१ पर्यंत चालल्या. त्या उकाड्यात उभं राहणाऱ्याने आणखी किती थांबायचं?

ओझरकर: परदेशी गाड्या घेऊनही थांबावं लागतंच की! बंगळुरूची यलो लाइन बघा. २०१९ मध्ये चिनी कंपनीला २१६ डब्यांचं काम दिलं. कारखाना इथे काढायचा होता, तो निघालाच नाही. शेवटी टिटागढ या भारतीय कंपनीला सोबत घ्यावं लागलं. मार्ग बांधून तयार, पण गाड्या नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा तीन गाड्या आणि पंचवीस मिनिटांनी एक फेरी.

नाशिकरोडची: माझे बाबा रेल्वेच्या ट्रॅक्शन वर्कशॉपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात होते. इंजिनाची जळालेली मोटर उघडायची, वाइंडिंग म्हणजे आतल्या तारांची गुंडाळी काढून नवी भरायची, टेस्टिंगला लावायची आणि परत पाठवायची, हेच त्यांचं काम. गाडी तीस वर्षं चालवायची असते हो. ड्रॉइंग, सुटे भाग, सॉफ्टवेअर यातलं काही आपल्या हातात नसेल, तर एका इलेक्ट्रॉनिक कार्डासाठी अख्खी गाडी डेपोत उभी राहते. करारात हे आधी लिहून घ्या, मग गाडी कुठलीही आणा.

गंगापूर रोड: २०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोला २,०९२ कोटी जाहीर झाले, तिचा एक खांब तरी दिसतोय का? नाशिकच्या द्वारका चौकात रोज अडकणाऱ्याला गाडी कुठली याच्याशी काही घेणंदेणं नाही. आधी काम सुरू करा.

ओझरकर: घेणंदेणं आहे. तिकिटाचा दर आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्याच खिशातून जातो.

पंचवटीकर: ताईंची अट मान्य. पण आपल्यासाठी ठरली होती ती निओ, म्हणजे रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी लांब गाडी. ती देशात कोण बनवतं, सांगा. पहिली खेप बाहेरूनच आणावी लागेल, आणि मी तिला विरोध करणार नाही.