मेलेलं माकड आणि पातेरा
'माकडं हाकलली की माकडताप जाईल' असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. या तापाचा विषाणू आपल्यात येतो गोचिडीच्या चाव्यातून. माकड बिचारं स्वतःच त्याने मरतं. २०१६ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात साथ आली, ती ऐन काजूच्या हंगामात. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी खाली पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत, उतरतात आणि कात टाकल्यावरही विषाणू त्यांच्या अंगात टिकतो. म्हणजे माकड जाळलं तरी ती जागा धोक्याचीच.

काजू वेचायला जाताना गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल लावतात ते ठीक, पण पिल्लू गोचीड तिळाहूनही लहान. परकराच्या नाडीखाली चिकटली तर दिसायचीसुद्धा नाही. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका. आणि तापकऱ्याला वाळीत कशाला टाकता? हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही.