एमआरआयवरील पांढरे डाग : ‘वयोमानानुसार बदल’ हा शेरा पुरेसा आहे का?

धागाकर्ता
साठी ओलांडलेल्या माणसाच्या मेंदूच्या एमआरआय रिपोर्टात ‘वयोमानानुसार बदल’ एवढा शेरा वाचून घरचे निर्धास्त होतात. माझ्या मते हा शेरा बंद व्हावा. फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत मेंदूच्या पोकळ्यांभोवती आणि खोल श्वेतद्रव्यात (मज्जातंतूंच्या जुड्यांच्या भागात) दिसणारे पांढरे डाग ही पुष्कळदा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजाराची खूण असते : वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने बारीक धमन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, खोलवर रक्त कमी पोहोचते आणि मज्जातंतूंवरचे मायलिन हे आवरण विरळ होत जाते. १९८७ पासून या डागांची तीव्रता शून्य ते तीन अशी सांगणारी फाझेकास श्रेणी उपलब्ध असताना ती न लिहिणे मला अक्षम्य वाटते.

प्रतिसाद १
असहमत. फ्लेअरवर पांढरे दिसते ते ऊतीतील वाढलेले पाणी. ते कशामुळे वाढले, हे प्रतिमा सांगत नाही. शवविच्छेदनाशी ताडून पाहिले असता, पोकळ्यांच्या टोकांवरचे टोपीसारखे डाग आणि कडेची बारीक झालर यांच्या जागी बहुधा पोकळीच्या अस्तरात पडलेल्या फटी आणि झिरपलेले पाणी आढळते, तर खोलवरच्या, एकमेकांत मिसळलेल्या डागांच्या जागी मायलिनचा व तंतूंचा खरा ऱ्हास आणि ग्लिओसिस (मेंदूतील आधारपेशींनी केलेला व्रण) दिसतो. दोन्हींना सरसकट ‘आजार’ म्हटले, की लोक परस्पर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू करतात. २०१२ च्या एसपीएस३ चाचणीत तर लॅक्युनर झटका (बारीक धमनी बंद पडून येणारा छोटा पक्षाघात) येऊन गेलेल्यांनाही ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी दिल्याने पुढचे झटके लक्षणीय घटले नाहीत. रक्तस्राव आणि मृत्यू मात्र वाढले.

धागाकर्ता
गोळ्यांबद्दल आपले म्हणणे रास्त आहे, पण मी रक्तदाबाबद्दल बोलत आहे. २०१९ च्या स्प्रिंट माइंड अभ्यासात वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात डागांचे आकारमान सुमारे चार वर्षांत ०.९२ घनसेंटिमीटरने वाढले, दुसऱ्या गटात १.४५ ने. ‘वयोमान’ म्हटल्यावर रक्तदाब मोजायला कोण जाणार?

प्रतिसाद २
आपण दोघेही केवळ फ्लेअरवर अडला आहात. एसडब्ल्यूआय या, रक्ताच्या खुणा टिपणाऱ्या एमआरआय प्रतिमेत दिसणारे सूक्ष्म रक्तस्रावाचे काळे ठिपके थॅलॅमससारख्या खोल भागांत असतील तर संशय रक्तदाबावर जातो. केवळ मेंदूच्या पृष्ठभागालगत असतील तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचलेल्या अमायलॉइड या प्रथिनावर, आणि तेथे ॲस्पिरिनचा निर्णयही अधिक जपून घ्यावा लागतो. शिवाय चाळिशीतल्या माणसाच्या टेम्पोरल खंडाच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) पुढच्या टोकाशी डाग दिसले, तर नॉच३ जनुकातील दोषामुळे होणारा, घराण्यात चालत येणारा कॅडासिल हा सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार आठवायलाच हवा.

प्रतिसाद १
कॅडासिलचा मुद्दा मान्य. स्प्रिंट माइंडबाबत मात्र पूर्ण चित्र द्यावे : स्मृती व आकलनातील सौम्य घट १२० चे लक्ष्य असलेल्या गटात कमी आढळली, पण संभाव्य डिमेन्शियातील (स्मृतिभ्रंशातील) फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. श्रेणी दोन-तीन असेल तर ती ठळकपणे लिहावी, एसडब्ल्यूआय केले की नाही हेही लिहावे. परंतु पंचाहत्तरीतल्या, रक्तदाब आटोक्यात असलेल्या माणसाच्या श्रेणी एकला आजाराचे नाव देण्यास माझा विरोध कायम आहे.